साखर पेल्यात, बाटलीत नव्हे

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

आम्ही मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. खिडकीच्या ग्रिलमध्ये पुदिना, तुळस, गवती चहा आणि पानओवा यांच्या कुंड्या आहेत. परीक्षा संपल्या की मुले शीतपेयांच्या बाटल्यांसाठी हट्ट धरतात, म्हणून गेल्या वर्षी मी सगळी सरबते घरीच केली. पुदिना आणि लिंबू मिक्सरमधून काढले, तर ते तासाभरात शेवाळासारखे काळपट झाले आणि कडूही लागू लागले. साखर कमी घालून केलेले कोकम सरबत ओट्यावर ठेवले होते, ते दहाव्या दिवशी फसफसले. पन्हे तेवढे छान जमले. आईच्या प्रमाणाने केले होते : गराच्या दुप्पट गूळ, आणि पेल्याला तीन मोठे चमचे. गूळच आहे म्हणून सासऱ्यांनाही रोज देत होते. त्यांना मधुमेह आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. पुढच्या तपासणीत त्यांची साखर वाढलेली आली आणि डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली, तेव्हा मला फार ओशाळल्यासारखे झाले. यंदा काय करावे? रस काढण्याचे महागडे यंत्र घेतले तर फरक पडेल का?

— एक वाचक, मुलुंड

उत्तर

तुमच्या फसफसलेल्या बाटलीपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरे तिच्यातच आहेत. सरबतात साखर केवळ गोडीसाठी नसते. ते टिकावे म्हणूनही ती असते. कोकणात अमृत कोकम करताना पिकलेले रातांबे फोडून, बिया काढून, सालीच्या वाट्यांमध्ये साखर दाबून भरतात आणि बरणी उन्हात ठेवतात. साखर सालीतले पाणी ओढून घेते आणि काही दिवसांत बरणीत दाट लाल पाक साचतो. त्या पाकात साखर इतकी असते की यीस्टसारख्या सूक्ष्म जीवांना वाढायला लागणारे मोकळे पाणीच उरत नाही, म्हणून तो वर्षभर राहतो. तुम्ही साखर कमी केलीत ते योग्यच केलेत, पण बाटली मात्र आजीच्या काळातल्यासारखी बाहेर ठेवलीत. कमी साखर, मुंबईची एप्रिल-मेची हवा आणि बहुधा एखादा ओला चमचा, एवढे मिळाले की यीस्टचे फावते आणि बाटलीत वायू धरतो. अशी बाटली उकळून पुन्हा वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. ती ओतून द्यावी.

याचा अर्थ असा, की साखर कमी करायची असेल तर टिकवण्याचे काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवावे लागते, आणि आपल्या घरात ते काम फ्रीझरच करू शकतो. म्हणून यंदा सरबत करून ठेवूच नका. फळाचा नुसता आंबट अर्क, साखरेचा कणही न घालता, बर्फाच्या साच्यांत गोठवून ठेवा आणि गोडी ज्याच्या त्याच्या पेल्यात, सर्वांत शेवटी, चव पाहून घाला. बाटलीत घातलेली साखर सगळ्यांच्या वाट्याला सारखीच येते, मग तो पेला मैदानावरून घामाघूम होऊन आलेल्या मुलाचा असो की दुपारी आरामखुर्चीत बसलेल्या सासऱ्यांचा. पेल्यातली साखर मात्र माणसागणिक बदलता येते.

आता तुमच्या पन्ह्याचा हिशेब मांडून पाहू. गराच्या दुप्पट गूळ म्हणजे तयार मिश्रणाचा दोन-तृतीयांश भाग गूळच. त्याचे तीन मोठे चमचे भरले, तर ते वजनाला साधारण ५५ ग्रॅम होतात, म्हणजे एका पेल्यात ३५ ग्रॅमच्या आसपास गूळ जातो. ज्या बाटल्यांसाठी मुले हट्ट धरतात, त्यांतल्या २५० मिलिलिटरच्या नेहमीच्या कोलात साखर साधारण २५ ते २७ ग्रॅम असते. तुमचे घरचे, मायेने केलेले पन्हे त्या बाटलीपेक्षा गोड होते. गुळाविषयीचा आपला समज फार पक्का आहे, त्यामुळे हे वाचून वाईट वाटेल हे मला ठाऊक आहे. पण गुळात खनिजे थोडीबहुत असली तरी त्याचा बहुतांश भाग साखरच असतो, आणि रक्तात गेल्यावर ती साखरेसारखीच वागते. मधुमेह्याला साखर चालत नाही पण गूळ चालतो, हे वाक्य आपण किती घरांत ऐकतो! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि पाच टक्क्यांखाली राहिल्यास अधिक चांगले. २,००० कॅलरींच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. एका पेल्यातच ३५ ग्रॅम गेले, तर दिवसाचा चहा, शिरा आणि बिस्किटे कोणत्या खात्यात लिहायची?

सासऱ्यांची साखर पन्ह्यामुळेच वाढली, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याची कारणे अनेक असू शकतात आणि ती ठरवणे त्यांच्या डॉक्टरांचे काम आहे. तुम्ही डॉक्टरांना पन्ह्याविषयी मोकळेपणाने सांगितले असेल, अशी आशा आहे. सांगितले नसेल तर पुढच्या भेटीत प्रमाणासह सांगा. त्यात ओशाळण्यासारखे काही नाही.

कैरीचा गर असा करावा. तीन-चार मध्यम कैऱ्या धुऊन, देठाकडचा चीक काढून, कुकरमध्ये भांड्यात ठेवून दोन-तीन शिट्ट्यांत वाफवाव्यात. वेळ असेल तर त्यांपैकी एक कैरी गॅसच्या आचेवर, साल काळी पडेपर्यंत फिरवत भाजावी. तिचा धुरकट वास सगळ्या गराला लागतो आणि तो वास असला की गोडी कमी असल्याचे जिभेला चटकन कळत नाही. गार झाल्यावर साल काढून, कोयीला चिकटलेला गर हाताने निपटून, पुरणयंत्रातून किंवा मोठ्या भोकांच्या गाळणीतून काढावा आणि साच्यांत भरून गोठवावा. खडे झाले की ते डब्यात काढून डबा पुन्हा फ्रीझरमध्येच ठेवावा. एका पेल्याला दीड ते दोन मोठे चमचे गर पुरतो. कैरी कोणती आहे यावर पुढचे सारे अवलंबून असते : गावठी रायवळ कैरी डोळे मिटायला लावते, तर तोतापुरी मुळातच सौम्य असल्याने तिला गोडी फार लागत नाही. म्हणून प्रमाण कागदावर ठरवून ठेवू नये.

पेल्यात आधी गर आणि पाणी, मग चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची ताजी पूड, हातावर चुरगळलेली पुदिन्याची चार पाने, आणि हे सारे ढवळून एक घोट घेतल्यावर गोडी. हा क्रम मी आग्रहाने सांगते. चिमूटभर मीठ कडवटपणा दाबते आणि आहे तीच गोडी अधिक जाणवून देते. जिरे आणि पुदिना नाकाला गुंतवतात, त्यामुळे जिथे सहा चमचे साखर लागली असती तिथे तीनांत भागते. आधी साखर घातली की नंतर मीठ, जिरे, पाने हे सारे केवळ सजावटीपुरते उरते.

थंड पाण्यात साखर लवकर विरघळत नाही, ही यातली खरी अडचण आहे. त्यासाठी १०० ग्रॅम साखर आणि १०० मिलिलिटर पाणी एक उकळी येईपर्यंत तापवून आच बंद करावी, त्यात गवती चहाच्या तीन-चार पात्यांची गाठ मारून टाकावी, झाकण ठेवावे आणि गार झाल्यावर गाळून छोट्या काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवावे. या साखरपाण्याच्या एका चहाच्या चमच्यात साधारण ३ ग्रॅम साखर असते. मुलांच्या पेल्याला चार चमचे घातले तरी १२ ग्रॅमच होतात, म्हणजे तुमच्या गेल्या वर्षीच्या पन्ह्याच्या एक-तृतीयांश. पन्ह्याला गुळाचीच चव हवी असेल, तर याच प्रमाणात गुळाचे पाणी करून गाळून ठेवावे. मात्र हे आठवडाभरापुरतेच करावे, कारण हे पाणी पातळ असल्याने फ्रीजमध्येही फार दिवस टिकत नाही. या वर्षी सुरुवात चार चमच्यांनी करा आणि दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा. मुलांच्या लक्षातही येणार नाही.

कोकमाचे काम त्याहून सोपे आहे. वीस-पंचवीस आमसुले दोन वाट्या कोमट पाण्यात तास-दीड तास भिजत घालून, चांगली कुस्करून, गाळून घ्यावीत आणि ते पाणी तसेच गोठवावे. आमसुले करताना सालींना मीठ घातलेल्या रसाची पुटे देऊन वाळवतात, त्यामुळे त्यांत मीठ आधीच असते. चव पाहिल्याशिवाय वरून मीठ घालू नये. आगळ वापरणार असाल तर हीच सूचना दुप्पट लागू आहे, कारण आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस. पेल्यात दोन खडे, पाणी, जिरेपूड आणि गवती चहाचे साखरपाणी एवढे पुरे. हे सरबत प्यायलेले पेले साबणाच्या पाण्यात पडले की लाल रंग निळा-जांभळा होताना दिसतो. मुलांना तो खेळ दाखवण्यासारखा आहे : कोकमाच्या रंगद्रव्याचा आंबटात लाल रंग असतो आणि साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थात तो बदलतो. सोलकढी याच पाण्यात नारळाचे दूध घालून होते, पण ती जेवणाबरोबरची गोष्ट आहे आणि त्याच वेळी संपवायची आहे, ठेवायची नाही.

काळ्या पडलेल्या पुदिन्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण ही चूक मी स्वतः अनेक वर्षे करत होते. त्या सरबतात दोन निरनिराळ्या गोष्टी घडल्या. मिक्सरच्या पात्याने पुदिन्याचे पान फाटले की त्यातील रसांना हवा लागते आणि ते काळे पडू लागते. त्यात लिंबाचे आम्ल आले की हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी असलेला मॅग्नेशियमचा अणू निघून जातो आणि उजळ हिरव्याऐवजी तो शेवाळी-तपकिरी रंग दिसू लागतो. दुसरी गोष्ट कडवटपणाची. लिंबू सालीसकट किंवा बियांसकट फिरवले असेल, तर बियांतली आणि सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यातली कडू द्रव्ये रसात उतरतात आणि सरबत ठेवले की कडवटपणा आणखी वाढतो. पानाच्या काड्या त्यात गेल्या असतील तर त्याही गवतासारख्या लागतात.

पुदिन्याचा सुगंध पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असतो. तो बाहेर काढायला पान वाटण्याची गरज नसते. आठ-दहा पाने तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकदा टाळी वाजवावी तसे थापटावे किंवा हलके चुरगळावे. हात ओलसर होतो आणि वास स्वयंपाकघरभर जातो. तेवढ्यावर थांबावे. ती पाने तांब्याभर गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावीत, मग काढून टाकावीत, आणि लिंबू प्रत्येकाच्या पेल्यात पिण्याच्या वेळी, बिया गाळून पिळावे. लिंबू पिळताना शेवटचा थेंब काढण्यासाठी साल मुरगळू नये. असे सरबत काचेसारखे स्वच्छ दिसते. मुलांना त्यात हिरवेपणा हवा असेल तर दोन ताजी पाने वरून सोडावीत. चटणीसाठी पुदिना वाटतातच, पण चटणी काही पेल्यातून प्यायची नसते.

तुमच्याकडच्या चारही वनस्पतींची वागणूक वेगवेगळी आहे. गवती चहाला उकळते पाणी लागते. गार पाण्यात तो काही देत नाही. पुदिना आणि तुळस यांना उकळले की त्यांचा नाजूक वास वाफेबरोबर निघून जातो, म्हणून ती गार किंवा कोमट पाण्यात. पानओवा फार दांडगा आहे. त्याचे जाड, लवदार पान सरबतात घातले तर सगळ्या पेयाला ओव्याचा काढा केल्यासारखे वाटते. त्याची जागा ताकात. अर्धे पान, आल्याचा छोटा तुकडा आणि पुदिन्याची चार पाने खलबत्त्यात ठेचून घरच्या पातळ ताकात घातली, तर दुपारी त्यासारखे पेय नाही. तुळस पूजेची असेल तर तिला हात लावणे घरातल्या वडीलधाऱ्यांना आवडणार नाही. स्वयंपाकासाठी वेगळी कुंडी ठेवावी आणि वाद टाळावा. शक्य असेल तर सब्जाचेही रोप लावा. ते तुळशीचेच भाऊबंद आहे, त्याची पाने कलिंगडाबरोबर फार सुरेख लागतात, आणि बाजारात मिळणारे सब्जाचे बी याच जातीचे असते. चिया म्हणून जे महाग बी विकले जाते ते निराळ्या झाडाचे आहे. आपल्याला त्यावाचून काही अडत नाही. सब्जा चहाचा एक चमचा अर्ध्या वाटी पाण्यात पंधरा-वीस मिनिटे पुरता फुगू द्यावा आणि मगच वापरावा, कारण कोरडे बी गिळले तर ते घशात फुगून अडकू शकते. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष सांभाळावे. सब्ज्याने अंगातली उष्णता निघते वगैरे दावे मी करणार नाही. ते जिभेवर गार आणि गमतीदार लागते, एवढे मला पुरते.

पुदिना पुरत नाही अशी तक्रार पुढच्या पत्रात येण्याआधीच सांगून ठेवते. भाजीवाल्याकडून आणलेल्या जुडीतल्या जाड, ताठ काड्या निवडून, खालची पाने काढून, पाण्याच्या पेल्यात खिडकीशी ठेवल्या आणि पाणी एक दिवसाआड बदलले, तर आठवडा-दहा दिवसांत पांढरी मुळे फुटतात. त्या उथळ पण पसरट कुंडीत लावाव्यात, कारण पुदिना खोल जात नाही, आडवा धावतो. सकाळचे ऊन चालते. पश्चिमेच्या खिडकीत मे महिन्याच्या दुपारी आडोसा द्यावा लागतो. शेंडे खुडत राहिले तर तो दाट होतो, न खुडल्यास लांबट आणि फुलोऱ्याला येतो. आणि मुंबईत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट : ग्रिलवर कबुतरे बसतात. कुंडीवर जाळी टाकावी, पाने तोडल्यावर भांडेभर पाण्यात बुडवून दोन-तीनदा खळबळून घ्यावीत आणि शेवटचे पाणी पिण्याचेच वापरावे, कारण ही पाने शिजवली जात नाहीत.

फळांच्या बाबतीत माझे मत थोडे कठोर आहे. जे फळ चावून खाता येते त्याचा रस काढू नये. रस काढताना चोथा टाकला जातो, तीन फळांची साखर एका पेल्यात येते आणि पोट भरल्याची जाणीव मात्र होत नाही. वर ज्या मर्यादेचा उल्लेख केला, तीत जागतिक आरोग्य संघटना काढलेल्या फळांच्या रसातली साखरही धरते, अख्ख्या फळातली धरत नाही. या भेदातच तुमच्या यंत्राच्या प्रश्नाचे उत्तर आले. यंत्र घेऊ नका. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्याला यंत्र कशाला? बिया काढून फोडी पातेल्यात घ्याव्यात, रवीने चार-सहा वेळा घुसळाव्यात, सब्जाची किंवा पुदिन्याची चुरगळलेली पाने, लिंबू आणि चिमूटभर सैंधव घालून, न गाळता, चमचा घालून द्यावे. त्यात साखर घालणाऱ्याला मी क्षमा करणार नाही. ताडगोळ्याचे पांढरे साल सोलून, आतले पाणी वाया न घालवता बारीक तुकडे करावेत आणि गवती चहाच्या गार पाण्यात सोडावेत. त्यालाही गोडी लागत नाही. मेच्या अखेरीस पालघर-कर्जतकडून येणाऱ्या बायका स्टेशनाबाहेर पाटीत करवंदे आणि जांभळे घेऊन बसतात, तेव्हा करवंदे ठेचून कोकमासारखीच वापरता येतात. जांभूळ मधुमेहावरचे औषध आहे असे तुमच्या सासऱ्यांना कोणी सांगेल. ते फळ म्हणून मूठभर खावे, पण गोळीला पर्याय समजू नये. हापूसचे काय, असे मुले विचारतील. हापूस चिरून खावा. त्याचे सरबत करणे म्हणजे पैठणीचे पायपुसणे करणे आहे.

सासऱ्यांचा पेला वेगळा ठेवा, पण तो वेगळा आहे असे त्यांना सारखे जाणवू देऊ नका. त्यांच्यासाठी कैरीचा गर एकच चमचा, पाणी जास्त, जिरे आणि पुदिना भरपूर, गूळ नाही. पहिले दोन दिवस कुरकूर होईल. पातळ ताक त्यांना बहुधा अधिक रुचेल. मिठाकडे मात्र लक्ष असू द्या : काळे मीठ आणि सैंधव ही नावे औषधी वाटली तरी तीही प्रामुख्याने मीठच आहेत, आणि रक्तदाब असलेल्या माणसाला ती हात राखूनच द्यावी लागतात. शहाळ्याचे पाणी निरुपद्रवी समजून रोज देण्याआधीही डॉक्टरांना विचारा. त्यात पोटॅशियम बरेच असते. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर शरीरातले पोटॅशियम वाढू शकते. गोळीचे नाव घेऊन विचारले की डॉक्टर एका वाक्यात उत्तर देतील.

मीठ पूर्णपणे टाळावे असे मात्र म्हणत नाही, विशेषतः मुलांच्या बाबतीत. नागपूरला पारा बेचाळीसवर जातो तेव्हा मुंबईचा तेहतीस-चौतीस अंशांवर असतो आणि तिकडचे पाहुणे आपल्याला हसतात. पण तिकडची हवा कोरडी असल्याने घाम लगेच उडून अंग निवते, इथल्या दमट हवेत तो उडत नाही, नुसता ओघळतो. मैदानावर दोन तास क्रिकेट खेळून आलेल्या मुलाच्या शरीरातून पाण्याबरोबर मीठही गेलेले असते. त्याला आधी साधे पाणी, मग मीठ-जिऱ्याचे लिंबू सरबत, हा क्रम योग्य. जुलाब, उलट्या किंवा उन्हाने गळून जाणे असे काही झाले तर मात्र सरबतावर विसंबू नये. तिथे औषधाच्या दुकानातले ओआरएसचे पाकीटच हवे, आणि तेही पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात.

मैदानावर डबा-बाटली देताना एक चूक हल्ली फार दिसते. तांब्याची बाटली आरोग्यदायी म्हणून घरोघरी आली आहे आणि तिच्यात लोक लिंबू सरबत भरतात. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवला की आम्लाने धातू विरघळून पेयात उतरतो. त्याने मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. सरबताला काच किंवा स्टील. आणि घरून नीट तयारी करून दिल्यावर मुलांनी रस्त्यावर त्यातच बर्फ घालून घेतला, तर सगळे मुसळ केरात. कारखान्यात माल थंड ठेवण्यासाठी केलेला बर्फ ओळखू यावा म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फाला निळसर रंग देणे बंधनकारक केले; तो रंग कसा दिसतो हे मुलांना सांगून ठेवावे. पण पांढरा दिसला म्हणजे तो चांगल्या पाण्याचाच आहे, असेही नव्हे. घरातला बर्फसुद्धा उकळून गार केलेल्या पाण्याचाच लावावा, विशेषतः मेअखेरीस आणि पहिल्या पावसात.

यंत्राचे पैसे वाचले, त्यांतून झाकण असलेले बर्फाचे तीन साचे आणा : एक कैरीला, एक कोकमाला आणि एक साध्या पाण्याला. गर झाकण न लावता ठेवला तर चार दिवसांत त्याला फ्रीझरमधल्या मटारचा आणि मासळीचा वास लागतो. झाकणावर नाव आणि तारीख लिहा. गेल्या वर्षी मी न लिहिल्यामुळे कोकमाचे म्हणून बिटाच्या आमटीचे खडे पाहुण्यांच्या पेल्यात पडले होते, आणि पाहुणे इतके सभ्य की त्यांनी ते संपवले.